बैलाच्या पोटावरचं नाव

साताऱ्याच्या त्या प्रदर्शनात दोन दिवस माझ्या लाकडी बैलापुढनं माणसं सरकत होती. त्यातल्या एकानं बैल बघितला. बाकीच्यांना डोळे होते, एवढंच.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कोरेगावजवळच्या आमच्या गावात आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, सुतारकामाची छपरी होती. गाडीचं चाक दुरुस्त होईस्तवर बैल समोरच्या लिंबाखाली तासन्‌तास उभे असायचे. त्यांच्याकडं बघतच मी मोठी झाले. आमच्या घरातलं कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी चढले आणि बी.ए. होऊनच उतरले. हे मी फुशारकीनं सांगते आणि सांगणारच. पण पदवी घेऊन घरी आल्यावर हातात पटाशीच धरली, कारण जनावरं कोरण्याइतकं चांगलं मला दुसरं काही येत नव्हतं. हत्यारं धरायला आबांनीच शिकवलं, तेवढं श्रेय त्यांचं. गाव काय म्हणणार? "बी.ए. झाली आन परत भुशात बसली."

बैलाला पाच महिने गेले. शिवणीचा ओंडका, हातभर उंचीचा खिलार, शिंगं वेगळी कोरून बसवलेली. नमुन्याला शेजारच्या गावच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा बैल धरला होता. तो मागचा डावा पाय कधी पुरता टेकवत नसे, नुसती खुराची टोकं जमिनीला लावून उभा राहायचा. मला ती उभं राहण्याची तऱ्हा आवडली. मी तशीच कोरली.

प्रदर्शनाच्या अर्जावर मी माझं नाव लिहिलं होतं, पुढं बी.ए. घालून. आबा आणि मी मांडवात पोचलो तर टेबलावरच्या कार्डावर आबांचं नाव! तिथल्या चिटणिसाला विचारलं, तर तो हातातली यादी न सोडता म्हणाला, "बाई, भरतकामाचं टेबल तिकडं आहे. हा लाकूडकामाचा विभाग. इथं कारागिराचं नाव लागतं."

"कारागीर मीच आहे."

त्यानं माझ्याकडं न बघता आबांकडं बघितलं. आबा टोपी सारखी करत म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की. घर एकच हाय."

घर एकच होतं, पण पाच महिने बोटं माझी सोलली होती. मला दुसरं काही नको होतं. कार्डावर माझं नाव हवं होतं. बक्षीस मिळो न मिळो.

मग सुरू झाली रसिकांची जत्रा. एका सद्‌गृहस्थानं बैलाच्या पाठीवर नारळ वाजवून बघावा तसं वाजवलं आणि विचारलं, "आत पोकळ आहे का?" एक बाई म्हणाल्या, "रंग नाही दिला? डोळ्यांना मणी लावले असते तर किती छान दिसला असता." दुसऱ्या बाई म्हणाल्या की गाय असती तर देवघरात ठेवली असती, बैलाचं काय करायचं? एका वकिलांना पाठीत खोलगट खाच हवी होती, पेनं ठेवायला. एकानं तर "मशिनवर केला का हो?" असं विचारून उत्तराची वाटही बघितली नाही. शेजारी काडेपेटीच्या काड्यांचं देऊळ होतं. तिथं ही गर्दी! प्रत्येक जण "किती काड्या लागल्या?" विचारायचा आणि आकडा ऐकून हात जोडायचा. कलेची पारख काड्या मोजून करायची, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

जो तो शाबासकी आबांना देऊन जायचा. "मिस्त्री, हात सोन्याचा आहे तुमचा." आबा खाली बघून हसायचे. नाही म्हणायचे नाहीत आणि हो पण म्हणायचे नाहीत. मी बाजूला उभी राहून माश्या हाकत होते.

दुसऱ्या दिवशी परीक्षक आले. सांगलीकडचे कुणी चित्रकलेचे मास्तर होते. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी बैलाला एक फेरी मारली आणि पेन्सिलीनं मागच्या पायाला टोचलं.

"इथं चुकलं. या पायाचं प्रमाण गेलंय. बैल असा उभा राहत नाही."

आणि दोन दिवस मुके असलेले आबा पटकन बोलले, "पोरीनं केलाय त्यो. मी न्हाई."

शाबासकीच्या वेळी घर एकच होतं. चूक निघाली तेव्हा त्याची वाटणी झाली.

मी तोंड उघडणार तेवढ्यात मागनं आवाज आला, "कोण म्हंतंय उभा ऱ्हात न्हाई?" तो म्हातारा शेतकरीच होता, बैलाचा मालक. गावातल्या चार जणांबरोबर प्रदर्शनातल्या शेतीच्या विभागात ऑइल इंजिनं बघायला आला होता. गर्दी सारत पुढं आला, वाकला, आणि त्यानं बैलाच्या डाव्या मागच्या पायावरनं अंगठा फिरवला.

"आवं गुरुजी, ह्यो माझा बैल हाय. नांगराचा फाळ लागला हुता खुराला. तवापासनं असाच टेकतोय. लांबनं बघितला आन म्हणलं, आरं, ह्यो हितं कवा आला?"

परीक्षकांनी चष्मा खाली घेतला. "मग बाईंनी नमुन्याला चांगला बैल घ्यायचा होता."

"चांगला?" म्हातारा म्हणाला. "लंगडत लंगडत चार वरसं माझं रान नांगारलंय त्यानं. तुमचा चांगला बैल कुटं बांधलाय तेवढं सांगा."

भोवतीची माणसं हसली. परीक्षक वहीत काहीतरी खरडून देवळाकडं गेले. पहिला नंबर काड्यांना मिळाला, हे सांगायलाच नको.

निकाल लागल्यावर मी चिटणिसाकडं गेले. "आता वडिलांनीच सगळ्यांसमोर सांगितलंय. कार्ड बदला."

तो हसला. "अहो, बक्षीसच नाही, तर आता नाव कशाला?"

शिंगं सैल झाली तर असावी म्हणून बारीक पटाशी पिशवीत आणली होती. मी टेबलापाशी परत आले, बैल आडवा पाडला आणि पोटावर अक्षरं काढायला लागले. माणसं जमली. दोन दिवसांत माझ्या टेबलाला अशी गर्दी लाभली नव्हती. बैल बघायला कुणी थांबलं नाही, बैल नासताना बघायला सगळे थांबले.

"आगं, काय करतीस? नासला की त्यो!" आबा ओरडले. पण लाकूड घसरायला लागलं तसं त्यांनीच पुढं होऊन बैल दोन्ही हातांनी घट्ट धरला. हे माझ्यासाठी केलं की शिंगांसाठी, ते मी कधी विचारलं नाही.

माझं नाव काढलं. मधलं नाव, म्हणजे आबांचं, मुद्दाम गाळलं. त्यांना वाचता येत होतं. तरी त्यांनी हात काढला नाही. मग आडनाव, आणि पुढं बी.ए.

म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं. तो वाकून बघत म्हणाला, "काय लिव्हलंस गं पोरी?"

"माझं नाव."

"आन ही म्होरली दोन अक्षरं?"

"बी.ए."

"बैलाला कशाला ते? त्यो काय कालेजात गेला हुता व्हय?"

"तो नाही, मी गेल्ते."

त्यानं अक्षरांवरनं अंगठा फिरवला, पायावरनं फिरवला होता तसाच.

"मग वाईच खोल मार की," तो म्हणाला. "एवढ्यानं झिजून जाईल."

मी परत पटाशी उचलली.