पैठणहून आलेलं माझं सुतक

मी मेलो त्या सकाळी मुंबईच्या छावणीत न्हाव्याकडून दाढी करून घेत होतो.

आमची पलटण आफ्रिकेतल्या एका भांडखोर देशात शांतता राखायला गेली होती. (शांतता राखायची म्हणजे दोघांच्या भांडणात मधोमध उभं राहून दोघांच्याही गोळ्या चुकवायच्या!) वर्षभर मी देवाकडे एकच मागणं मागत होतो, आबा आहेत तोवर घरी पोचू दे. आबा म्हणजे माझे वडील. फुलंब्रीच्या अलीकडे आमचं गाव आहे. तिथं ते ओसरीवर बाजेला खिळले होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "किसन आला की मी चाललो." परत येताना आमच्याच विमानात आमचा एक सोबती पेटीत निजून येत होता. त्यामुळे घरी पोचणं ही काय चीज आहे, ते मला चांगलं कळत होतं.

निघण्याच्या आदल्या दिवशी गावातल्या एसटीडीवर फोन लागला. आईला बोलावून आणलं. ती माझा आवाज ऐकताच रडायला लागली, म्हणून मी तिला हसवायला गेलो. (कुठं काय बोलावं ही अक्कल देवानं मला दिलीच नाही.)

"आई, इथले कावळे पांढरी बंडी घालत्यात! काल एक तर माझ्या डोक्यावरच येऊन बसला."

आईचं रडणं एकदम थांबलं.

"डोस्क्यावर? तुझ्या?"

"व्हय. मजेत बसला व्हता!"

फोन बंद झाला. मला वाटलं, लाइन गेली.

लाइन गेली नव्हती. आमच्याकडे डोक्यावर कावळा बसला म्हणजे यमाचं बोलावणं आलं, असं मानतात. त्यावर उपायही ठरलेला आहे. तो माणूस मेला अशी खोटी बातमी जवळच्या नातेवाइकांना धाडायची. ते खरंखुरं रडले की मरण टळतं. मग लगेच खरं सांगायचं, सगळ्यांनी डोळे पुसायचे, चहा प्यायचा आणि आपापल्या कामाला लागायचं. इतकं सोपं! फक्त आईनं हे काम माझ्या धाकट्या भावावर, भानुदासवर सोपवलं. आबांच्या कानावर काही जाऊ द्यायचं नाही, एवढं बजावून तिनं त्याला पैठणला मामांकडे पाठवलं.

पुढचं मला नंतर कळलं. मामा जुने पैलवान. त्यांचा हात आधी बोलतो, तोंड मागून. भानुदासनं दारातच गळा काढला, "मामा, आपला किसन गेला!" मामांनी भिंतीवर डोकं आपटलं. मामीनं हंबरडा फोडला. गल्ली गोळा झाली. आता खरं सांगायची वेळ आली. भानुदासनं मामांच्या मनगटाकडे एकदा पाहिलं आणि "लघवीला जाऊन येतो" म्हणून जो उठला, तो थेट एसटीत जाऊन बसला!

("दादा, मी सांगणारच व्हतो," तो मला म्हणाला, "पर मामानं मला जित्ता सोडला नसता. एकाच्या जागी दोघं गेलो असतो.")

दुसऱ्या दिवशी सकाळी पैठणहून दोन जिपा आल्या. बायकांनी वेशीपासूनच सूर लावला होता. आई धावत सामोरी गेली.

"आरं थांबा! खोटं हाय समदं! किसन जित्ता हाय!"

"बाई येडी झाली," मामा म्हणाले. "तोंडावर पानी मारा तिच्या!"

दोघींनी आईला धरलं आणि तिसरीनं तिच्या तोंडावर घागर रिकामी केली. भानुदास कडब्याच्या गंजीमागं दडला होता. आणि आबा ओसरीवर पडल्या पडल्या सगळं ऐकत होते.

"आवो, खोटं हाय ते!" निथळणारी आई त्यांच्याकडे धावली.

"हां. खोटंच की," आबा शांतपणे म्हणाले. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि त्यानंतर पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही. त्यांना जितकं समजवावं तितकी त्यांची खात्री पक्की होत गेली.

त्याच दुपारी मी ट्रंक खांद्यावर घेऊन औरंगाबादच्या बसस्टँडावर उतरलो. समोर आमच्या गावचे टेंपोवाले बशीरभाई चहा पीत होते. मला पाहताच कप त्यांच्या हातातून पडला.

"या अल्ला!"

"बशीरभाई, मी किसन!"

"मालूम है. इसीच वास्ते डर रहा हूँ."

"का? काय झालं?"

"तेरे घर में रोना पड़ेला है ना! पैठणवाले भी आ गए."

आबा गेले! एवढ्या लांबून आलो आणि एका दिवसानं हुकलो! मी तिथंच ट्रंकेवर बसून लहान पोरासारखा रडलो. बशीरभाईंनीही रुमाल काढला.

"कधी गेले?" मी विचारलं.

"कौन?"

"आबा!"

"आबा नईं रे. तू!"

बशीरभाईंच्या टेंपोतून घरी पोचलो. मामांनी मला नखशिखांत चाचपलं, मिठी मारून ढसाढसा रडले आणि मग अशी एक थोबाडीत ठेवून दिली की वर्षभर चुकवलेल्या युद्धाशी दारातच गाठ पडली. पैठणच्या एका म्हातारीला मी कोण हे ठाऊकच नव्हतं. ती माझ्याच खांद्यावर डोकं टेकून माझ्यासाठी रडत होती.

मी कसाबसा बाजेपाशी गेलो.

"आबा, मी आलो."

आबांनी डोळे उघडले. चेहरा एकदम उजळला.

"आलास? मला वाटलंच, न्यायला तूच येशील म्हणून."

"आबा, मी जित्ता हाय!"

"व्हय बाबा. हळू बोल, तुझी आई ऐकंल."

मी त्यांचा हात हातात घेतला. "बघा, गरम हाय का नाय?"

"नवा नवा हाईस," आबा समजुतीनं म्हणाले. "व्हईल गार."

मामांनी शपथा घेतल्या. आईनं देव पुढ्यात आणून ठेवले. भानुदास कडब्यातून निघून पाया पडला. आबा सगळ्यांकडे कीव केल्यासारखे बघत राहिले. मग मला जवळ ओढून कानात म्हणाले,

"तिकडं कसं हाय रं?"

मला एकच 'तिकडं' ठाऊक होतं. भांडायची ताकद उरली नव्हती.

"जमीन लाल हाय, आबा. आंबे रस्त्यात पडून सडत्यात, कुनी उचलत नाय."

"आन् पानी?"

"नदी हाय. बारा महिने वाहती."

"बारा महिने!" आबांनी डोळे मोठे केले. "मग इतकी वर्सं आपुन हितं काय करत व्हतो?"

माझ्या हातून ते दोन घोट पाणी प्याले. दिवस मावळायच्या आत गेले. मी जिवंत आहे हे मला माझ्या बापाला शेवटपर्यंत पटवता आलं नाही. हे मी हसत सांगतो खरा, पण आतून अजून तुटतं. पैठणच्या मंडळींना परत जावं लागलं नाही. रडणं चालूच होतं, फक्त नाव बदललं.

पलटणीत नकाशा वाचण्यात मी कायम नापास. साहेबांनी तर सगळ्यांना बजावलं होतं, "किसन को रास्ता कोई मत पूछना!" आबांनी मात्र नेमका मलाच विचारला, आणि मी त्यांना स्वर्ग म्हणून आफ्रिकेचा पत्ता दिला! आता कुठल्यातरी लाल रस्त्यावर ते मला शोधत हिंडत असतील, आणि दिसेल त्याला विचारत असतील, "आमचा किसन पुढं आलाय, कुठं राहतो हो?"