‘कधीच नाही’वरची खूण
मैदानावर फक्कीच्या रेघा ओढल्या, की त्या वासानं मला आजही तिथं उभं राहवत नाही. पीएच.डी.साठी मी मुखेडला कबड्डीच्या मुलींकडून सामन्याआधीच्या भीतीची प्रश्नावली भरून घेत होते. कागद वाटायचं आणि गोळा करायचं काम मी त्यांच्या सरांवरच सोडलं. सगळ्या मुलींनी ‘कधीच नाही’वर खूण केली. कर्णधार पोरीचा कागद मात्र घामानं भिजला होता. विचारलं तर ती हळूच म्हणाली, “लई भ्या वाटायलंय मॅडम, पण खरं लिहिलं तर सर बाहेर बसवतेत.” मी मान हलवली आणि ती उत्तरं तशीच प्रबंधातल्या तक्त्यात घातली. आता लातूरला मी शिकवते; विद्यार्थी विचारतात, भीती मोजायची कशी, तेव्हा मी फळ्याकडे तोंड करून तोच तक्ता काढते.