आषाढातले सदतीस गोरे

वाल्मिककाकानं शेठच्या बंगल्यात बंदूक चालवली आणि चाळीस गोरे आडवे केले, असं सध्या कडावात कुणीही छातीठोक सांगतं. खोटं आहे. गोरे सदतीस होते, बोटभर उंचीचे, शिशाचे. बंदूक कुणी चालवली नाही, फासे टाकले. आडवे केले, एवढं मात्र खरं.

मनोजशेठ मुंबईचे. शनिवार-रविवार कडावच्या बंगल्यावर येतात आणि मित्रांना जमवून भल्यामोठ्या टेबलावर लढाया खेळतात. काळ कंपनी सरकारचा. लाल डगल्यांची पलटण डोंगरातली गढी घ्यायला निघते, बंडवाले तिला अडवतात. मध्ये रंगवलेली भातखाचरं, बांध, रस्ता. शेठ कायम पलटणीकडून. वाल्मिककाका बंगला राखतो, चहा आणतो आणि दर सोमवारी सैनिकांवरची धूळ ब्रशनं झाडतो.

दोन वर्षांपूर्वी पलटणीचा घोड्यावरचा साहेब हरवला. काकाची बायको, सुंदराकाकी, तेव्हा तिथं स्वयंपाकाला होती. शेठनं पाहुण्यांसमोर तिला पिशवी उपडी करायला लावली. निघालं काय? वालाच्या शेंगा, डबा आणि चष्मा. तासाभरानं साहेब सोफ्याखाली सापडला. "चला, मिळाला!" म्हणून शेठ पुन्हा खेळायला बसले. काकी त्या दिवसापासून बंगल्याची पायरी चढली नाही.

काकानं नोकरी सोडली नाही. लोक म्हणाले, पगारासाठी. पण काका दर शनिवारी चहा ओतता ओतता नियम ऐकत होता. तीन कप ओतायला इतका वेळ कुणालाच लागत नाही.

तीन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी पुण्याहून येणारा, बंडवाल्यांकडून खेळणारा गडी बोरघाटात अडकला.

"वाल्मिक, यार, तू बस बंडवाल्यांकडून. फक्त फासे टाक, बाकी आम्ही सांगतो."

"बसतो, शेठ. पण जितलो तर सुंदराची माफी मागायची. ह्या पाव्हण्यांसमोर."

जितेश नावाच्या पाहुण्यानं टेबलावर थाप मारली. "डन! काय मन्या, फाटली का?"

शेठना हसून हो म्हणावंच लागलं. "बचाव करणाऱ्यानं महिना निवडायचा. सगळे डिसेंबर घेतात."

"आषाढ," काका म्हणाला.

आषाढात बंदुकीची दारू भिजते. फाशावर सहा पडले तरच बार उडतो. शेठनं तोफा रस्त्यानं काढल्या आणि पायदळ खालच्या खाचरात, बांधाच्या आडोशाला, छान रांगेत बसवलं. काका त्या रांगेकडं बघतच राहिला. जन्मात कधी लावणी न केलेला माणूसच आषाढात आपली माणसं खालच्या खाचरात बसवील.

"माजे चार गडी वरचा बांध फोडतात."

"काय? असं काही नसतं!"

"पान एकोणचाळीस. पूल नायतर बांध फोडायला एक खेळी. दिवाळीत तुमीच वाचून दाखवलं व्हतं, जितेशभाऊंचा पूल उडवला तवा."

जितेशनं नियमांच्या पुस्तकातलं पान काढलं आणि खदाखदा हसत सुटला.

वरच्या खाचराचं पाणी खालच्यात, तिथनं रस्त्यावर. तोफा रुतल्या. पलटण गुडघाभर चिखलात, एका खेळीला एक बोट सरकणार. बंडवाल्यांना बंदुका लागतच नव्हत्या. त्यांच्याकडं कोयते होते. काकाला कसली घाई नव्हती. एकेक गोरा उचलायचा, डोळ्यांसमोर धरायचा, हळूच विचारायचा, "तू कुणाच्या पिशवीतला रं?" आणि आडवा करायचा. छत्तीस वेळा. शेठ घड्याळ बघायला लागले, तरी तेच. घोड्यावरचा साहेब त्यानं मुद्दाम शेवटी ठेवला. चारी बाजूंनी घेरला आणि चहाच्या ट्रेमध्ये नेऊन उभा केला.

"सापडला बगा, शेठ."

मग त्यानं काकीला फोन केला. आमचं घर शेजारीच, मी तिच्याकडंच बसले होते. फोन हिसकावून मी म्हटलं, "काका, काकी विरघळणार! 'जाऊ द्या, शेठ' म्हणून मोकळी होणार. लावता पैज? हरले तर महिनाभर तुमची नक्कल करणार नाही."

"लागली. तू बी ये गं."

काकी लुगडं बदलून निघाली. बंगल्यात शेठ उभे राहिले. "सुंदराबाई, चुकलं माझं. सगळ्यांसमोर सांगतो, सॉरी."

काकीचे डोळे भरले. मी जिंकलेच होते.

"बरं," काकी म्हणाली. "आता तुमची पिशवी उपडी करा."

शेठनं मित्रांकडं पाहिलं, मित्रांनी फाशांकडं. शेवटी त्यांनी खांद्यावरची चामडी पिशवी टेबलावर ओतली. मोजपट्टी, गोळ्यांचं पाकीट, कंगवा, एक मळका मोजा. काकीनं चष्मा लावला आणि एकेक वस्तू निरखून पाहिली. मोजा तर दोनदा.

"काय नाय चोरलेलं," ती म्हणाली आणि पायरी उतरली.

फाटकाशी काकानं तिच्याकडं बघून एकच वाक्य टाकलं. काय तो आवाज, काय तो हेल! आत्ताच्या आत्ता करून दाखवलं असतं. पण पैजेचे अजून नऊ दिवस आहेत.