आई इथंच गेली

आई गेल्यावर वर्षभर बाबा बुलढाण्याच्या घरात एकटेच राहिले. पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यांचे गुडघे इतके दुखायला लागले की अंगणाची पायरी उतरताना ते भिंत धरू लागले. मी म्हटलं, अकोल्याला माझ्याकडे चला. ते इतक्या सहज हो म्हणतील असं वाटलं नव्हतं.

"पन घर बंद ठेवू नको," ते म्हणाले. "बंद घराले वाळवी खाते. इकून टाकू."

आमच्याकडे घरांचे सौदे फाल्गुन-चैत्रात होतात. मार्च सरला की सरकारी दर वाढतील म्हणून लोकांना खरेदी आधी उरकायची असते. पाडव्याला नव्या घरात दूध उतवायचं असतं. खेड्यांतून लेकरांच्या शिक्षणासाठी येणाऱ्यांना शाळा उघडायच्या आत बिऱ्हाड लावायचं असतं. त्यात आमच्या गल्लीत नळाला बऱ्यापैकी पाणी येतं. दलालानं शब्द टाकला आणि पहिल्याच रविवारी फाटकापाशी मोटारसायकलींची रांग लागली.

माणसं येत, नळ सोडून बघत, भिंतींवर बोटं वाजवत, एकमेकांकडे डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहत. दर्शनी भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. ती पाहून दोघातिघांना एकदम दुसरं काम आठवलं. त्याचं आम्हाला नवल नव्हतं. बाकीच्यांनी भाव एकमेकांवर चढवत नेला.

मागच्या खोलीत एका बाईंनी हळूच विचारलं, "घरात काही झालेलं नाही ना?"

"काही नाही ताई, एकदम शांत घर," दलाल म्हणाला.

बाबा दारात उभे होते. "माझी बायको इथंच गेली," ते म्हणाले. "याच खोलीत. तिकडं पलंग होता."

बाईंनी पदर सावरला आणि लेकराचा हात धरून त्या बाहेर गेल्या.

सगळे गेल्यावर दलाल बाबांजवळ बसला. माणूस वाईट नव्हता. बाबा पाटबंधारे खात्यात होते तेव्हापासूनची ओळख. "साहेब, काऊन सांगता? दवाखान्यात गेली म्हना. कोन पाहाले येते?"

"दवाखान्यातून म्याच आनलं तिले," बाबा म्हणाले. "ते म्हने, मले घरी ने. आता दवाखान्यात गेली म्हनू?"

ते खरंच होतं. डॉक्टरांनी आता करण्यासारखं काही नाही म्हटल्यावर आईनं घरचाच धोशा लावला. मागच्या खोलीत ती शेवटचे दिवस पडून होती. खिडकीतून शेजारणीशी बोलायची, शेजारणीच्या वरणाला फोडणी कमी पडली हे पडल्या जागेवरून सांगायची.

येणाऱ्या प्रत्येकाला बाबा तेच सांगत राहिले, टाकीत पाणी किती मावतं हे सांगावं तशा आवाजात. मला ते ऐकवेना. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी विसळत बसायची. एकदा न राहवून म्हटलं, "बाबा, आपलं दुःख परक्यांना कशाला सांगायचं?"

"दुःख कुठं सांगतो?" ते म्हणाले. "घराची माहिती सांगतो."

जवळजवळ ठरलेलं एक शिक्षक जोडपं त्यापायी मागं फिरलं. त्यातल्या बाईंच्या आईला ते पटलं नव्हतं. उरला एक कंत्राटदार. त्यानं सगळ्यांच्या वर भाव लावला आणि बाबांचं बोलणं ऐकून हसला. "मले काय त्याचं? मी तं पाडूनच टाकनार हाय." इसार द्यायला तो दुसऱ्या दिवशी येणार होता.

कंत्राटदार बोलून गेला त्याच दुपारी दलाल आणखी एक जोडपं घेऊन आला. मूळचे उंद्रीकडचे, बाजारात भाजीचं दुकान. नवरा फारसा बोलेना. बाईंनी बाकी घर भरभर पाहिलं आणि मागच्या खोलीत थांबल्या. बाबांनी आपलं वाक्य सांगितलं.

बाई हलल्या नाहीत. "त्रास झाला का हो त्यायले?" त्यांनी विचारलं.

इतक्या लोकांत हे कुणीच विचारलं नव्हतं. बाबा खिडकीकडे बघत म्हणाले, "शेवटी नाई झाला. झोपेतच गेली."

तेव्हा बाईंनी सांगितलं. त्यांची सासू अंथरुणाला खिळलेली. दवाखान्यानं घरी न्या म्हणून सांगितलेलं. पण घर भाड्याचं, आणि घरमालक रोज दारात येऊन म्हणत होता, म्हातारीला गावी न्या, इथं काही झालं तर पुढं माझ्या खोल्या कोण घेईल? गावी उघडी जागा तेवढी उरलेली.

"तिले नेऊ कुठं?" बाई म्हणाल्या. "म्हनून घाईनं घर पाहून राह्यलो." नवऱ्यानं मान खाली घातली.

त्यांना कंत्राटदाराइतका भाव झेपणार नव्हता. दलालानं तसं स्पष्ट सांगितलं. बाबा माझ्याकडे वळले. "तुह्या मायचंही घर हाय हे. तू काय म्हनतं?"

"यांनाच द्या," मी म्हटलं. मला फार विचार करावा लागला नाही.

दलाल कपाळाला हात लावून बसला. त्याहून मोठा धक्का त्याला पुढं बसायचा होता, कारण बाबांनी खरेदीखत व्हायच्या आधीच मागच्या खोलीची चाबी त्या बाईंच्या हातावर ठेवली.

"साहेब, असं करत नसते."

"कागद होईल तवा होईल. म्हातारी थांबनार हाय का?"

दोन दिवसांनी म्हातारीला भाजीच्या टेम्पोत गादीवर निजवून आणलं. मी पुढच्या खोलीत सामान बांधत होते. तिला आत ठेवल्यावर तिनं बारीक आवाजात विचारलं, "कोनाचं घर हाय हे?"

सून म्हणाली, "आपलंच."

म्हातारीचा विश्वास बसला नसावा. तिनं दारातल्या बाबांकडे पाहिलं.

"हाव," बाबा म्हणाले, "तुमचंच हाय."

पाडव्याआधी खरेदी झाली. तोवर एका घरात दोन बिऱ्हाडं होती. त्या बाई आम्हाला जेवू घालत आणि बाबा मागच्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून म्हातारीशी पिकापाण्याचं बोलत. मग आम्ही अकोल्याला आलो.

ज्येष्ठात म्हातारीच्या मुलाचा फोन आला. बाबांनी जायचंच म्हटलं, म्हणून मी त्यांना घेऊन गेले. अंगणात ताडपत्रीखाली माणसं बसली होती. बाबा त्यांच्यात जाऊन बसले. शेजारच्या एका माणसानं विचारलं, "तुम्ही कोन, पाव्हने का?"

"नाई," बाबा म्हणाले. "वळखीचा हाय."

मातीहून परतल्यावर म्हातारीचा मुलगा त्यांच्या पायांशी बसून रडला. बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. आई गेली तेव्हा ते असे कुणाजवळ बसलेले मी पाहिले नव्हते. संध्याकाळच्या बसनं आम्ही परत निघालो.