ताटातला गाईचा वाटा

ह्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, तरी सकाळी साडेनऊच्या सुमाराला माझ्या हातातलं काम थांबतं. ग्रंथालयात असले तर पुस्तक उघडंच राहतं, घरी असले तर मी नळ बंद करते. त्या वेळेला आमच्या दारात गाय यायची आणि हे ताटली घेऊन बाहेर जायचे. आता ते घर नाही आणि ती गायही नसणार. थांबणं तेवढं राहिलं आहे.

आम्ही उज्जैनला फ्रीगंजच्या मागच्या एका गल्लीत तळमजल्यावर राहत होतो. घरात तिघंच: हे, मी आणि सासूबाई. आम्हाला मूल नव्हतं. हे बँकेत, मी मुलींच्या कॉलेजात ग्रंथपाल. बाजारात तेव्हा रोज काही नवीन दिसायचं. चकचकीत पुड्यांतले वेफर्स, मोठ्या बाटल्यांतली थंड पेयं, दुकानांबाहेर रचलेले रंगीत टीव्हीचे खोके. लोक नवीन नवीन धंदे काढत होते, आणि दुकान उघडलं की बँकेत पेढे यायचे.

हे जाड होते. लग्नात नव्हते, नोकरीत झाले. सकाळी देवास गेटला मित्रांबरोबर पोहे-जलेबी, मग घरी पूर्ण जेवण, दुपारी बँकेत कचोरी, संध्याकाळी सेव. रक्तदाब निघाला तेव्हा डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं. ह्यांनी एक अख्खा उन्हाळा पपई आणि काकडीवर काढला. उतरलं. दिवाळीपर्यंत सगळं परत आलं, आणि बँकेतला माणूस म्हणून असेल, थोडं व्याजासकट.

डॉक्टर हसले. म्हणाले, "साहेब, उपास करायला कोणी सांगितलं होतं? भूक असते त्याहून थोडं कमी जेवा. थोडंच. पण कायम."

घरी परतताना ह्यांनी स्कूटर हळू केली आणि मागे वळून विचारलं, "कायम म्हणजे किती गं?"

"कायम म्हणजे कायम," मी म्हटलं. आम्ही दोघंही हसलो.

अडचण ताटाची होती. ताट सासूबाई वाढायच्या, आणि त्यांना 'कमी वाढ' म्हणायची सोय नव्हती. त्या भांडायच्या नाहीत. एवढंच म्हणायच्या, "का रे, माझ्या हातची चव गेली का?" आणि मग स्वतः दोन घास खाऊन उठायच्या. पानावर आडवा हात धरला तर हाताच्या बाजूने भात घालायच्या. ताटात आलेलं टाकायचं नाही हा त्या घराचा दुसरा नियम. म्हणजे वाढलेलं खायचं, आणि किती वाढायचं ते त्यांनी ठरवायचं.

यातून वाट सासूबाईंच्याच शास्त्राने दिली. गल्लीत एक तांबडी गाय फिरायची. सासूबाई तिला सकाळची पहिली पोळी घालायच्या. एक दिवस ताट वाढून झाल्यावर हे म्हणाले, "आई, आजपासून माझ्या ताटातला गोग्रास मीच काढतो." सासूबाईंचे डोळे भरून आले. मुलाला देवाधर्माची ओढ लागली होती!

गोग्रासाचा नियम असा की तो पहिला घास घ्यायच्या आधी काढायचा. एकदा तोंड लावलं की ताट उष्टं, आणि उष्ट्याचा गोग्रास होत नाही. म्हणून हे वाढलेल्या ताटासमोर उभे राहायचे, दोन पोळ्या आणि निम्मा भात ताटलीत काढायचे, गोड असेल तर त्यातलंही, आणि बाहेर जाऊन गाईला घालून यायचे. मग हात धुऊन जेवायला बसायचे. ते मला एकदा म्हणाले होते, "जेवताना थांबू म्हटलं तर थांबवत नाही. आणि पोट भरल्यावर ठरवायला ताटात काही उरत नाही. भूक लागलेली असतानाच ठरवावं लागतं. आईच्या गाईने ते माझ्याकडून करून घेतलं." ही गोष्ट मला ठाऊक होती, बँकेतल्या मित्रांना ठाऊक होती. सासूबाईंना कोणी सांगितली नाही.

सासूबाईंनी मात्र पुण्याचा हिशेब धरून ताटात पोळ्या वाढवल्या. ह्यांनी गोग्रास वाढवला. त्यांनी तुपाची धार मोठी केली, ह्यांनी तुपाचा भात आधी उचलला. दोघंही एकमेकांना काही बोलले नाहीत. गाय भरत गेली. समोरच्या मालवी काकी ओट्यावरून ओरडायच्या, "मांजी, गाय तो मोटी होती जा रही है और भैया सूखते जा रहे हैं! पाल किसको रही हो?"

"पुण्य से आदमी हल्का होता है," सासूबाई ऐटीत सांगायच्या.

स्टेशनवर रंगीत दिव्यांचं वजनाचं यंत्र होतं. नाणं टाकलं की चाक फिरायचं आणि वजन छापलेलं कार्ड बाहेर पडायचं. हे अधूनमधून तिथे जायचे. कधी काटा महिनोन्महिने हलायचा नाही. तेव्हा घरात थोडं अबोल वातावरण असायचं. लग्नकार्यात आग्रह व्हायचा आणि हे खायचे, पण दुसऱ्या दिवशी उपास करायचे नाहीत, गाईचा तोच वाटा काढून गप्प बसायचे. एका हिवाळ्यात सगळं सुटलं, मग पुन्हा धरलं. असं करत वर्षं गेली. पहिल्यासारखे बारीक झाले, आणि तसेच राहिले. लोक विचारायचे, 'अजून चालूच आहे?' त्यांना वाटायचं, वजन उतरलं की हे संपतं. डॉक्टरांचा शेवटचा शब्द फक्त ह्यांनी ऐकला होता.

मग एका भादव्यात ह्यांना ताप आला. तो मेंदूत गेला. इंदूरला नेलं, पण आठवडा निघाला नाही.

भेटायला येणाऱ्यांत बँकेतले एक मित्र होते. सतरंजीवर बसून ते सासूबाईंना म्हणाले, "माताजी, भाईसाहब जैसा पक्का आदमी नहीं देखा. हम लोगों से कहते थे, वजन घटाना है तो खाने से पहले थाली में से गाय को निकाल दो. हम हँसते थे. उन्होंने सालों निभाया." त्यांना बिचाऱ्यांना कौतुकच करायचं होतं.

ते गेल्यावर सासूबाईंनी मला विचारलं, "काय म्हणत होता तो? गाय वजनासाठी होती?"

"हो, आई."

दुसऱ्या दिवशी साडेनऊला गाय दारात आली तेव्हा सासूबाई कपडे वाळत घालायची काठी घेऊन बाहेर गेल्या. ज्या बाईने जन्मात गाईला आधी घातल्याशिवाय पोळी मोडली नव्हती, ती काठी उगारून ओरडत होती, "माझ्या लेकाच्या तोंडचं खाल्लंस! जा! जा इथून!" समोरच्या काकी ओट्यावर होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि आत गेल्या.

गाय यायची थांबली नाही. सासूबाई नऊलाच दाराची कडी लावायला लागल्या. आम्ही दोघी आत बसलेल्या असायचो आणि ती बाहेरून दाराला शिंग घासायची. कडी हलायची. बाहेर गाय आहे हे दोघींनाही ठाऊक असायचं. तरी कडी हलली की आम्ही एकदम वर बघायचो. मग एकमेकींकडे बघायचं टाळायचो.

"अंगात काही असतं तर तापाला पुरला असता," सासूबाई म्हणायच्या. मी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी समजावलं की या तापाचा आणि वजनाचा संबंध नाही, उलट हृदय चांगलं झालं होतं. सासूबाईंनी मान हलवली. घरी आल्यावर म्हणाल्या, "माझ्यासमोर बसून उपाशी राहिला. मी वाढत होते आणि तो उपाशी राहत होता." त्यांचं जेवण कमी होत गेलं. आधी रात्रीचं सुटलं, मग सकाळची पोळी अर्धी झाली. मी 'आई, घ्या ना' म्हटलं की त्या विचारायच्या, "लेक अर्धपोटी गेला, मी कशाने गिळू?" बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. एक माणूस गेल्यावर दुसरं डोळ्यांसमोर झिजताना मी बघत होते, आणि माझ्याकडे फक्त पुस्तकातले शब्द होते.

वर्षश्राद्धाला दीर इंदूरहून आले. सासूबाईंनी पहाटेपासून स्वयंपाक मांडला होता. खीर, वडे, पुरण, दोन भाज्या, कढी. शिवाय दिरांना देवास गेटला पाठवून जलेबी आणवली. भटजी म्हणाले, "काकू, बाजारचं चालत नाही पानात." त्या म्हणाल्या, "तुमचं शास्त्र तुमच्याजवळ ठेवा. माझं एकदा करून बघितलं मी."

त्यांनी सगळ्यांत मोठं केळीचं पान काढलं. ह्यांनी जे जे सोडलं होतं ते सगळं त्यांना त्या एका पानात भरायचं होतं. स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो. भाताच्या पातेल्याशी त्या एकाएकी थांबल्या.

"तुला शपथ आहे माझी. त्याला भूक लागायची का?"

वर्षभर हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं आणि 'नाही' हे उत्तर मी तयार ठेवलं होतं. ते माझ्याने निघालं नाही.

"लागायची, आई."

"रोज?"

"रोज. दुपार व्हायच्या आत बँकेत लागायची. रात्री जेवायच्या आधी."

त्या ओट्याला धरून उभ्या राहिल्या. मी बोलत राहिले, कारण थांबले असते तर पुन्हा बोलवलं नसतं. "एकदा म्हणाले होते, इतकी वर्षं आईच्या हातचं खात होतो पण भरल्या पोटी खात होतो. आता शाळेतून आल्यावर लागायचं तसं लागतं वरण."

"शाळेतून आला की दप्तर अंगावरच," सासूबाई म्हणाल्या. "हात न धुता पातेल्यात. मी मारायची." मग त्यांनी विचारलं, "आणि भरायचं का पोट?"

"भरायच्या थोडं आधी उठायचे."

"माझ्यावर राग धरून?"

"नाही. ते तर मी शपथेवर सांगते."

बाहेरून भटजींनी पान मागितलं. सासूबाई पान घेऊन गेल्या, मी मागे पातेली घेऊन. ह्यांच्या नावाने मांडलेल्या रिकाम्या पाटासमोर पान ठेवलं. त्यांनी भाताचा डाव उचलला आणि तो तसाच वर राहिला. मग त्यांनी मला विचारलं, "किती वाढू?"

त्या घरात मी हा प्रश्न कधी ऐकला नव्हता.

"थोडं कमी," मी म्हटलं.

त्यांनी डाव तिरपा केला. भात हळूहळू पानावर उतरू लागला. त्या वाकून रिकाम्या पाटाकडे बघत होत्या, आता आडवा हात येईल म्हणून, आणि मीही तिकडेच बघत होते. एकाएकी त्यांनी डाव मागे घेतला.

"पुरे म्हणाला," त्या म्हणाल्या.

दीर माझ्याकडे बघायला लागले. मी ऐकलं होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येत नाही. उरलेला भात सासूबाईंनी पातेल्यात परत घातला, प्रत्येक पदार्थ तसाच थोडा थोडा वाढला, आणि जलेबीचा एकच वेढा ठेवला.

दुपारी ब्राह्मण उठल्यावर त्या माझ्याबरोबर जेवायला बसल्या. आपलं ताट त्यांनी आपणच वाढून घेतलं. पोळी पूर्ण खाल्ली, भात मागून घेतला. मध्ये एकदा हात थांबला, बाजूला काही ऐकत असल्यासारखा. मग पुन्हा जेवू लागल्या.