बाकड्यावरची गोधडी

आईला परळच्या इस्पितळात न्यायचो तेव्हा लालबागच्या एक मसालेवाल्या बाई भेटायच्या. जाड गोधडीची घडी बाकड्यावर ठेवून त्या तिच्यावरच बसायच्या. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. तिच्या आजारात शरीर आपल्याच स्नायूंवर उलटतं आणि तो फार दुर्मीळ आहे, असं मीच आईला वाचून दाखवलं होतं. तेव्हापासून ती "म्हणजे मी एकटीच" म्हणत खचलेली.

एके दिवशी बाईंनी ते ऐकलं आणि रांगेतल्यांकडे बोट दाखवलं.

"एकटी कशी गो? त्या पोरीला वेणी घालूक हात वर होत नाय, मास्तरांना जिना चढवत नाय, आणि ही मी. गावात एखादाच असतो, पण सगळ्या गावांचे इथे जमतात."

असं म्हणत त्यांनी गोधडी आईला दिली. "ह्याच्यावर बस. उंच बसलं की उठणं सोपं."

स्वतः त्या नुसत्या बाकड्यावर बसल्या.

आईचं नाव पुकारलं. कित्येक महिन्यांनी ती माझ्या आधाराशिवाय उठली. मागोमाग बाईंचंही नाव आलं, पण त्यांना उठता येईना.

"क्रेन मागव रे!" त्या हसत ओरडल्या.

मी पुढे झालो, तर आईने मला थांबवून स्वतःचा हात दिला. दोघींना बराच वेळ लागला. रांगेतल्या कुणीच घाई केली नाही.