मॉब, खोली क्रमांक दोनशे चौदा

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही हो. घरातल्या ड्रॉवरमध्ये जुने चार्जर साठतात ना, तसे ते साठतात. कुठला कुठल्या फोनचा ते आठवत नाही, आणि टाकवतही नाही. ड्रेस्डेनच्या विद्यापीठात पाच वर्षांत माझ्याकडे इतके साठलेत, की कुणी चहाला आलं की एखादा निसटतोच. लोक हसतात. मी कप विसळायला आत जातो.

आधी मी तिथे काय करायचो ते सांगतो, नाहीतर पुढचं काही लागायचं नाही. मी सांगलीचा. एम.ए. इंग्रजी. नऊ वर्षं तासिका तत्त्वावर कॉलेजात शिकवलं, दर जूनमध्ये नव्याने मुलाखत दिली आणि शेवटी कंटाळून जर्मनीत पीएच.डी.ला आलो. आमची इन्स्टिट्यूट बेबंद गर्दीला इंग्रजीत जे जे जुने शब्द होते, त्यांचा इतिहास लिहीत होती. प्रत्येकाला एकेक शब्द वाटून दिलेला. माझ्या वाट्याला 'मॉब' आला.

शब्दाची गोष्ट तशी छोटी आहे. सतराव्या शतकात इंग्लंडातले शिकलेले लोक रस्त्यावरच्या गर्दीला लॅटिनमध्ये नावं ठेवायचे: 'मोबिले वुल्गुस'. म्हणजे चंचल जनता, वारा येईल तशी फिरणारी. पुढे एवढं म्हणायचाही कंटाळा आला, म्हणून नुसतं 'मोबिले'. मग त्याचंही शेपूट तोडून 'मॉब'. भाषेच्या राखणदारांनी केवढा थयथयाट केला! असल्या तोडक्या शब्दांनी भाषेचं वाटोळं होणार म्हणाले. ते सगळे गेले आणि शब्द राहिला.

आता माझी गोष्ट. बायको अश्विनी आणि मुलगी रेवा सांगलीत. त्यांना इकडे आणायचं तर दोन गोष्टी हव्या होत्या. वय वर्षं एकोणचाळीस असलं तरी माझा परवाना विद्यार्थ्याचा, म्हणून अश्विनीला जर्मनची ए-वन ही पहिल्या पायरीची परीक्षा पास व्हायला लागणार. आणि माझ्या हातात निदान वर्षभर शिल्लक असलेलं काँट्रॅक्ट पाहिजे. मला काँट्रॅक्ट मिळायचं एकेका वर्षाचं. परदेशी लोकांच्या ऑफिसात अपॉइंटमेंट मिळेपर्यंत त्यातले आठ महिने उरायचे. पाच वर्षं हेच चाललं होतं.

* * *

ड्रेस्डेनच्या मराठी मंडळात बहुतेक सगळे चिपच्या कारखान्यांतले इंजिनिअर. तिथे एकदा कुणाचे तरी वडील पुण्याहून आलेले. रिटायर्ड बँक मॅनेजर. सगळ्यांची चौकशी करत करत माझ्यापर्यंत पोचले.

"तुम्ही कुठल्या कंपनीत?"

मी सांगितलं. शब्द, इतिहास, सगळं सांगितलं. काकांनी बटाटेवडा ताटलीत खाली ठेवला.

"इंग्रजीत तीनच अक्षरं ना हो त्याला?"

"हो काका."

"आणि पाच वर्षं झाली?"

"हो."

काकांनी जरा विचार केला. मग अगदी मायेने, पेशंटची चौकशी करावी तशा आवाजात विचारलं, "मग आता कुठल्या अक्षरावर आलात?"

* * *

खोली क्रमांक दोनशे चौदामध्ये आम्ही दोघं. मी आणि योर्ग. योर्ग इथलाच, झाक्सेन प्रांतातला. वय पंचेचाळीस. त्याच्याकडे 'रॅबल' हा शब्द होता. इन्स्टिट्यूटमध्ये अकरा वर्षं होती त्याची, आणि तीही सगळी काँट्रॅक्टवर. कधी वर्षाचं, कधी सहा महिन्यांचं, एकदा तर सात आठवड्यांचं. मी त्याला तासिका तत्त्व समजावून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "गेनाऊ, अगदी तेच. फक्त आमच्याकडे त्याला लेटरहेड असतं."

आमच्या प्रोफेसरबाईंच्या खोलीत झाडांचं जंगल होतं. योर्गच्या खिडकीत एक कुंडी नाही. त्याच्या वाढदिवसाला मी एक छोटंसं झाड घेऊन गेलो. त्याने ते हातात घेतलं, सगळीकडून बघितलं, आणि संध्याकाळी सेक्रेटरीच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

मला वाईट वाटलं. विचारलं, "आवडलं नाही का रे?"

"आवडलं ना. पण ते वाढतं," योर्ग म्हणाला. "मग मी ते कुठे नेऊ?"

* * *

सोमवारी संध्याकाळी आमच्या खिडकीखालून मोर्चा जायचा. झेंडे, ढोल, घोषणा. बाहेरून आलेल्यांना परत पाठवा, हा एकूण सूर. सोमवार आला की सेक्रेटरीबाई चारलाच येऊन खिडकी लावायच्या आणि मला सांगायच्या, "आज मागच्या दाराने जा."

प्रोफेसरबाईंचं म्हणणं वेगळं. "तुमचं मटेरियल स्वतःच्या पायांनी चालत येतंय. खाली जाऊन बघा तरी."

च्यायला, गेलो. हातात वही, नाकात सर्दी. फुटपाथवर उभा राहून टिपणं घ्यायला लागलो. एक आजोबा झेंडा सांभाळत थांबले. लोकरीची टोपी, गाल थंडीने लाल. म्हणाले, "पेपरवाले का?"

"नाही. शब्दकोशवाला. गर्दीला काय काय म्हणतात त्याचा अभ्यास करतो."

"आम्ही गर्दी नाही," आजोबा म्हणाले. "आम्ही जनता आहोत."

खरं सांगू का, मला पटलं त्यांचं. माझ्याकडे खोकी भरून कार्डं होती, तीनशे वर्षांच्या कागदपत्रांतून उतरवून घेतलेली. त्यांत एकही माणूस स्वतःला मॉब म्हणत नाही. मॉब नेहमी समोरचे असतात.

तेवढ्यात मी तीनदा शिंकलो. आजोबांनी खिशातून खोकल्याची गोळी काढून माझ्या हातावर ठेवली. "थंडीत उभे राहू नका हो असे," म्हणाले. तेवढ्यात पुढून घोषणा आली. आजोबा वळले, आणि 'परत पाठवा, परत पाठवा' असं इतरांबरोबर खच्चून ओरडायला लागले. ओरडता ओरडता मध्येच माझ्याकडे बघून खुणेने म्हणाले, चघळा, चघळा.

गोळी चांगली होती. निलगिरीची.

* * *

हा शब्द जर्मनीत पोचला तेव्हा त्याला आणखी एक धंदा मिळाला. ऑफिसात सगळ्यांनी मिळून एखाद्याला छळलं, तर त्याला इथे 'मॉबिंग' म्हणतात. मला हे पुस्तकातून माहीत होतं. पण मी दारावर पाटी लावली होती: 'मॉब. भेटण्याची वेळ गुरुवारी दोन ते चार.'

एका गुरुवारी लायब्ररीतली एक बाई आत आली, दार लावून घेतलं, आणि बसल्या बसल्या रडायलाच लागली. तिची वरिष्ठ तिच्याशी बोलत नव्हती. तिला मीटिंगचा निरोपच जायचा नाही. वाढदिवसाचा केक तिने आणला तर कुणी खाल्ला नाही. पाऊण तास ती बोलत होती. मी चहा केला, आलं घालून. शेवटी डोळे पुसून म्हणाली, "आल्झो, तर मग तक्रारीवर सही कुठे करू?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी खोकी दाखवली, सतरावं शतक दाखवलं. म्हटलं, बाई, तक्रार घेणारं ऑफिस दुसऱ्या इमारतीत आहे.

"माहीत आहे," ती म्हणाली. "तिथे जाऊन आले. ते दहा मिनिटं देतात."

त्यानंतर ती दर गुरुवारी यायची. दोनला.

* * *

रेवा दुसरीत. शाळेत निबंध होता, 'माझे बाबा'. तिने लिहिलं, 'माझे बाबा जर्मनीत राहतात. ते दंगली शोधतात. दंगल सापडली की ते आम्हाला बोलावणार आहेत.'

बाईंनी अश्विनीला शाळेत बोलावून घेतलं. दार लोटून हळूच विचारलं, "मिस्टर नक्की काय करतात हो?"

अश्विनी फोनवर हसत हसत सांगत होती. मग हसू थांबलं. म्हणाली, "अहो, मी बाईंना सगळं समजावलं. पण शेवटचं वाक्य कसं समजावू ते कळेना, म्हणून ते तसंच ठेवलं."

ती सकाळी पाचला उठून जर्मनच्या क्लासचं ऑनलाइन लेक्चर करायची, मग डबे, मग नोकरी. एकदा नापास झाली, ऐकण्याच्या पेपरात. मी म्हटलं, घाई नाही, काँट्रॅक्ट कुठे आलंय अजून. हे मी धीर द्यायला म्हटलं होतं. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

* * *

मग कपातीची बातमी आली. आमचा सगळा प्रोजेक्ट बंद होणार, अशी कुजबुज. माझा दोन वर्षांचा अर्ज वर गेलेला होता. दोन वर्षं मिळाली असती तर सगळंच जमलं असतं. थीसिस, व्हिसा, रेवाची शाळा. म्हणून निदर्शनं करायची असं ठरलं तेव्हा मी पहिला हात वर केला.

इथे निदर्शनं करायची तर आधी फॉर्म भरून कळवावं लागतं. फॉर्मवर एक जबाबदार नेता लागतो. सगळे काँट्रॅक्टवरचे, सगळे बुटांकडे बघायला लागले. योर्ग म्हणाला, "माझी रिन्यूअल मार्चमध्ये आहे." मी सही केली. माझी जानेवारीत होती, पण एवढा विचार कुणी केला!

पुढचा रकाना: किती लोक अपेक्षित? आता आपल्याकडे कसं, शंभर माणसं येणार असली तर आचाऱ्याला दोनशे सांगायची. म्हणजे ऐन वेळी कमी पडत नाही. मी लिहून टाकलं, दोनशे.

त्या दिवशी पाऊस. आम्ही नऊ जण. आणि दोनशेंच्या बंदोबस्ताला दोन गाड्या भरून बारा पोलीस. त्यांचा साहेब कागद घेऊन माझ्यापाशी आला.

"नेते आपण?"

"या," मी म्हटलं. जर्मनमध्ये 'या' म्हणजे हो.

"बाकीचे?"

"येतायत."

अर्धा तास आम्ही सगळे पावसात उभे. बोलायला काही नाही, म्हणून मी साहेबांना आमचा विषय सांगितला. म्हटलं, इंग्लंडात जुना कायदा होता, बारा माणसं दंगा करायला जमली की अधिकारी येऊन जाहीरनामा वाचायचा आणि मग पांगायला तासभर द्यायचा. साहेबांनी नीट ऐकून घेतलं. आमच्याकडे बघून बोटांनी मोजलं. नऊ. मग आपल्या माणसांकडे बघितलं.

"आम्हाला धरा हवं तर," म्हणाले. "एकवीस होतील."

नंतर प्रोफेसरबाईंना पत्र आलं. कार्यक्रम शिस्तीत पार पडला, सार्वजनिक सुव्यवस्थेला कुठेही बाधा आली नाही. योर्गने ते भिंतीवर चिकटवलं.

* * *

जानेवारीत प्रोफेसरबाईंनी बोलावलं. दार लावायला सांगितलं, तेव्हाच कळलं. गर्दीचे शब्द यापुढे कॉम्प्युटरचा एक प्रोग्राम शोधणार होता. माझी खोकी स्कॅन करून घेणार होते. बाई रडवेल्या झाल्या होत्या. त्या माझ्यासाठी भांडभांड भांडल्याचं योर्गने सांगितलं, आणि ते खरं असणार. "थीसिस तिकडून पूर्ण करा," म्हणाल्या. तिकडून म्हणजे सांगलीहून. मी मान हलवली. योर्गला सहा महिने मिळाले होते. तो माझ्याकडे बघायलाच तयार नव्हता.

इथली एक रीत आहे. जाणाऱ्याला निरोप बाकीचे देत नाहीत, जाणाऱ्यानेच सगळ्यांना खायला घालायचं. नोकरी गेली तरी केक त्यानेच आणायचा. मी शिरा केला. केशर, बेदाणे, सगळं घालून. लायब्ररीतली बाईसुद्धा आली. सगळे कागदी बशा घेऊन उभे, आणि सगळे शिऱ्याबद्दल बोलत होते. रव्याची चौकशी मी आयुष्यात एवढी ऐकली नाही.

घरी मी अजून काही कळवलं नव्हतं. उद्या सांगू, उद्या सांगू, असं करत आठवडा गेला होता. तेवढ्यात अश्विनीचा फोन. मी बशी ठेवून बाहेर पॅसेजमध्ये गेलो.

"अहो, निकाल लागला. पास झाले मी!"

मागे रेवा ओरडत होती. सासूबाईंचाही आवाज येत होता, पेढे आणा म्हणून. मी म्हटलं, अभिनंदन. आणखीही काहीतरी म्हटलं असेल.

"एक सांगू का? रागावू नका," ती म्हणाली. "तोंडीत मी एक घोळ घातला होता. तुम्हाला बोलले नव्हते."

"काय घोळ?"

"समोरच्या मॅडमनी विचारलं, नाव काय, वय काय. ते नीट सांगितलं. मग म्हणाल्या, राहता कुठे? आणि माझ्या तोंडातून गेलं, ड्रेस्डेनला राहते. रोज तेच घोकत होते हो इतकी वर्षं. सांगली म्हणायचं सुचलंच नाही."

"मग?"

"मॅडमनी फॉर्म बघितला. त्यावर सांगलीचा पत्ता होता. परत माझ्याकडे बघितलं."

आतून प्रोफेसरबाई मला शोधत दारापर्यंत आल्या आणि फोन बघून मागे गेल्या.

"काही म्हणाल्या का?"

"नाही," अश्विनी म्हणाली. "आज बघते तर तोंडीला पूर्ण मार्क दिलेत."